पाच किताब आणि एक फर्मान : साखरखेर्ड्यावर पडलेला मुबारिज खान

१/२५
११ ऑक्टोबर १७२४. बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातील आजचे साखरखेर्डा हे गाव. फारसी बखरकार त्याला शकरखेडा म्हणत, मराठी इतिहासग्रंथांत साखरखेडा हे रूप आढळते. त्या दिवशी या गावाजवळच्या मोकळ्या रानात दोन मोगल सेना एकमेकींना भिडल्या. दोन्ही सेनापती स्वतःला दिल्लीच्या एकाच बादशहाचे चाकर म्हणवत होते. दिवस मावळेपर्यंत त्यांपैकी एक आपल्या दोन मुलांसह मरून पडला होता. दुसऱ्याच्या घराण्याने पुढे सव्वादोनशे वर्षे हैदराबादेवर राज्य केले.

२/२५
जिंकणारा निजाम-उल्-मुल्क सर्वांना माहीत आहे. पहिल्या बाजीरावाचा प्रतिस्पर्धी म्हणून महाराष्ट्रातल्या प्रत्येक इतिहासप्रेमी तरुणाने त्याचे नाव वाचलेले असते. हरणारा मुबारिज खान मात्र बहुतेक पुस्तकांत एका वाक्यात येतो आणि त्याच वाक्यात मरतो. हा धागा त्या एका वाक्याविषयी आहे. साखरखेर्ड्याची लढाई समजून घ्यायची असेल, तर ती जिंकणाऱ्याच्या चरित्रातून न वाचता हरणाऱ्याच्या नोकरीच्या इतिहासातून वाचली पाहिजे, असे येथे मांडायचे आहे. मोगल साम्राज्य आतून कसे रिकामे झाले होते, हे त्या नोकरीत जितके स्वच्छ दिसते तितके निजामाच्या विजयात दिसत नाही.

३/२५
आधी दोन शब्द समजून घेऊ. मनसब म्हणजे मोगल चाकरीतील दर्जा. त्यात दोन आकडे असत : ‘जात’ या आकड्यावर माणसाचा मान आणि वेतन ठरे, ‘स्वार’ या आकड्यावर त्याने किती घोडेस्वार बाळगायचे ते ठरे. किताब म्हणजे पदवी. किताब मिळाला की माणसाचे जन्मनाव मागे पडे, कागदोपत्री नवे नाव सुरू होई. आजच्या लष्करी अधिकाऱ्याच्या छातीवरची पदके वाचून जसा त्याच्या सेवेचा आलेख कळतो, तसा मोगल सरदाराच्या किताबांवरून कळतो. मुबारिज खानाला असे पाच किताब मिळाले. त्याचे आयुष्य त्याच क्रमाने पाहू.

४/२५
त्याचे मूळ नाव ख्वाजा मुहम्मद. घराणे बल्खचे, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानातले. लहानपणीच तो आईबरोबर हिंदुस्थानात आला. मध्य आशियातून नशीब काढायला येणाऱ्या अशा कुटुंबांची मोगल काळात उणीव नव्हती. निजामाचे स्वतःचे घराणेही समरकंद-बुखारा भागातून असेच आले होते. फरक इतकाच, की निजामाचे आजोबा आणि वडील औरंगजेबाच्या दरबारातील नामांकित सेनापती होते. ख्वाजा मुहम्मदाच्या पाठीशी असे नाव नव्हते. त्याला ते मिळवावे लागले आणि त्याची पहिली पायरी होती एक विवाह.

५/२५
सासरा इनायतुल्ला खान काश्मिरी. औरंगजेबाच्या अखेरच्या काळातील अत्यंत विश्वासू मुत्सद्दी. बादशहाच्या तोंडून उतरलेली पत्रे आणि हुकूम ज्यांनी संग्रहित केले, त्यांत त्याचे नाव महत्त्वाचे आहे. त्याची आई हाफिजा मरियम ही शहजादी झेबुन्निसेची शिक्षिका होती. अशा घरचा जावई होणे म्हणजे दरबाराच्या दिवाणखान्यात प्रवेश मिळणे. पण हीच सोयरीक पुढे १७२४ मध्ये मुबारिज खानाला साखरखेर्ड्याच्या रानापर्यंत ओढत नेणार होती, हे लक्षात ठेवू.

६/२५
पहिला किताब : अमानत खान. अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेच्या उत्तरार्धात हा तरुण अधिकारी संगमनेरच्या फौजदारीवर होता. फौजदार म्हणजे मुलखाचा बंदोबस्त ठेवणारा लष्करी अंमलदार. मराठी फौजा कशा येतात, कशा पांगतात, वसुली कशी करतात, याचा धडा त्याने सह्याद्रीच्या पायथ्याशी घेतला. औरंगजेब १७०७ मध्ये मरण पावला. त्यानंतर अमानत खान सुरतेचा मुत्सद्दी झाला. मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदराचा कारभार त्याच्या हाती आला. ठेव सांभाळणाऱ्याला शोभेल असेच हे पद होते.

७/२५
दुसरा किताब : शहामत खान. शहामत म्हणजे शौर्य. १७१० मध्ये गुजरातचा सुभेदार गाजीउद्दीन खान फिरोजजंग अहमदाबादेत वारला आणि सुभ्याचा कारभार या सुरतेच्या मुत्सद्द्याकडे आला. १७११ मध्ये मराठी फौज नर्मदेच्या बाबा प्यारा उतारावर आल्याची खबर त्याला मिळाली. वसुलीचे काम टाकून तो तातडीने निघाला. सोरठच्या फौजदाराला त्याने मदतीला बोलावले, अंकलेश्वरला मराठ्यांशी गाठ घातली आणि त्यांना मागे सारले. मग सुरतेचा बंदोबस्त पक्का करून तो अहमदाबादेला परतला. योगायोग पाहा : ज्या फिरोजजंगाच्या मृत्यूमुळे हा माणूस वर चढला, तो निजाम-उल्-मुल्काचा पिता होता.

८/२५
१७१२ आणि १७१३ ही दोन वर्षे मोगल अधिकाऱ्यांसाठी जीवघेणी होती. बहादुरशहा गेला, जहांदारशहा आला, वर्षभरात तोही मारला गेला आणि फर्रुखसियर गादीवर बसला. प्रत्येक बदलात कोणाचे तरी डोके उडाले, कोणाची तरी जहागीर जप्त झाली. शहामत खान यातून सहीसलामत बाहेर पडला, इतकेच नव्हे, वर चढला. यावरून तो केवळ तलवारबहाद्दर नव्हता हे कळते. वारा कोणीकडून वाहतो ते ओळखण्याची नजर त्याला होती. मग अकरा वर्षांनी हीच नजर चुकली कशी, हा त्याच्या चरित्रातला खरा प्रश्न आहे.

९/२५
तिसरा किताब : मुबारिज खान. मुबारिज म्हणजे रांगेतून पुढे होऊन शत्रूला आव्हान देणारा वीर. या नावाने तो फर्रुखसियरच्या कारकिर्दीत हैदराबादचा सुभेदार झाला. हा सुभा म्हणजे १६८७ मध्ये औरंगजेबाने जिंकलेली कुतुबशाही. मुलूख संपन्न, पण मोगल अंमल अजून मुरलेला नव्हता. तेलुगू जमीनदार आपापल्या गढ्यांत स्वतंत्र वागत. काही वर्षांपूर्वीच पापडूच्या बंडाने तेलंगण हादरले होते. अशा सुभ्यावर सुभेदार फार टिकत नसत. मुबारिज खान अकरा वर्षे टिकला.

१०/२५
तो टिकला तो किताबाच्या बळावर नव्हे. सुभेदार म्हणजे फौजेचा प्रमुख आणि दिवाण म्हणजे तिजोरीचा प्रमुख. ही दोन पदे वेगळी ठेवायची आणि दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची, ही मोगल कारभाराची जुनी शिस्त होती. हैदराबादेत दोन्ही अधिकार मुबारिज खानाच्या हातात एकवटले. महत्त्वाच्या फौजदाऱ्यांवर त्याने मुलगे आणि नातलग नेमले. वर्षातला मोठा काळ तो तंबूत असे. आज या जमीनदाराच्या गढीवर, उद्या सरहद्दीवर. इतिहासकार जॉन रिचर्ड्स यांनी गोवळकोंड्याच्या मोगल कारभाराचा जो अभ्यास केला, त्यात मुबारिज खानाचा काळ हा जवळजवळ स्वायत्त सत्तेचा काळ म्हणून पुढे येतो.

११/२५
मराठ्यांशी त्याचे वैर धोरणाचे होते. १७१८ मध्ये सय्यद हुसेन अलीने बाळाजी विश्वनाथांशी तह केला आणि १७१९ मध्ये दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. त्या सहांत हैदराबादही होते. मुबारिज खानाने मराठी कमाविसदारांना आपल्या सुभ्यात पाय रोवू दिले नाहीत. वसुलीला फौज आली की तो स्वतः चालून जाई. बादशाही सनद एकीकडे आणि सुभेदाराची तलवार दुसरीकडे, असा हा प्रकार होता. म्हणजे बादशहाच्या कागदाला न जुमानण्याची सवय मुबारिज खानालाही होतीच.

१२/२५
या ठिकाणी मराठी वाचकाने थोडे थांबावे. चौथाई हा आपल्या इतिहासात हक्क आहे. हैदराबादेच्या सुभेदाराच्या दृष्टीने ती लूट होती. दोन्ही शब्द आपापल्या जागी खरे होते आणि तेलंगणातल्या रयतेला मात्र दोन्हीकडचे घोडे सारखेच जड होते. मुबारिज खान आपल्याविरुद्ध लढला म्हणून त्याच्या अकरा वर्षांच्या कारभाराची दखल न घेणे हा इतिहास नव्हे. शत्रू किती कसाचा होता हे ज्याला सांगता येत नाही, त्याला आपल्या विजयाचे मोलही सांगता येत नाही.

१३/२५
आता निजामाकडे वळू. १७२० मध्ये सय्यद बंधूंशी बिनसल्यावर तो माळव्यातून नर्मदा उतरून दख्खनेत आला. असीरगड आणि बऱ्हाणपूर त्याने घेतले. जूनमध्ये खांडव्याकडे दिलावर अली खानाला आणि ऑगस्टमध्ये वऱ्हाडातल्या बाळापूरला आलम अली खानाला मारले. या बाळापूरच्या लढाईत शाहू महाराजांच्या फौजा आलम अलीच्या बाजूने होत्या. मुबारिज खानाने तेव्हाही वारा ओळखला. तो निजामाला येऊन मिळाला. त्याचे बक्षीस म्हणून सात हजारी मनसब आणि दोन नवे किताब आले : इमाद-उल्-मुल्क, म्हणजे राज्याचा आधारस्तंभ, आणि हिजब्र जंग, म्हणजे रणातला सिंह.

१४/२५
चौथा आणि पाचवा किताब निजामाच्या मेहरबानीने मिळाला, ही गोष्ट पुढच्या घटनांत फार महत्त्वाची ठरते. १७२२ मध्ये निजाम दिल्लीला वजीर म्हणून गेला. दरबार सुधारण्याचे त्याचे प्रयत्न मुहम्मदशहाच्या मर्जीतल्या माणसांनी हाणून पाडले. कंटाळून, हवापालट आणि शिकारीचे निमित्त करून, १७२३ च्या डिसेंबरात तो दिल्लीबाहेर पडला आणि दक्षिणेकडे वळला. बादशहा घाबरला. हा माणूस दख्खनेत पोहोचला तर परत हाती लागणार नाही, हे त्याला ठाऊक होते. मग मुबारिज खानाला गुप्त फर्मान गेले : दख्खनची सुभेदारी तुझी; निजामाला रोख.

१५/२५
त्या फर्मानाबरोबर काय आले, हे पाहण्याजोगे आहे. सहा सुभ्यांची सत्ता कागदावर आली. दिल्लीची फौज आली नाही. ज्या सुभेदारीवर मुबारिज खानाची नेमणूक झाली, तिची राजधानी औरंगाबाद निजामाच्या माणसांकडे होती. बादशहाचा हिशेब सरळ होता : मुबारिज जिंकला तर निजाम संपला, निजाम जिंकला तर त्याच्याशी समेट करता येईल. दोन्हीकडून बादशहाचे काही जात नव्हते. जात होते ते एका अधिकाऱ्याचे आयुष्य. साम्राज्याकडे देण्यासारखे आता फक्त किताब आणि कागद उरले होते, आणि ते त्याने सढळ हाताने दिले.

१६/२५
मग मुबारिज खान निघाला का? निजामाच्या उपकाराची जाणीव त्याला नव्हती असे नाही. एक कारण सासरा. इनायतुल्ला खान तेव्हा दिल्लीत होता आणि जावयाने ही संधी घ्यावी असा त्याचा आग्रह होता. दुसरे कारण सहा सुभ्यांचा मोह. तिसरे कारण असे, की बादशहाचे फर्मान नाकारले तर तोच बंडखोर ठरला असता. पण निघायला त्याने उशीर केला. फर्मान आले तेव्हा तो मछलीपट्टणकडील एका जमीनदाराच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. हातातले काम पुरे करण्याच्या शिस्तीत अमूल्य महिने गेले. चांगल्या अंमलदाराचा हा गुण होता. मोठ्या डावात तोच घातक ठरला.

१७/२५
निजामाने तेच महिने वापरले. १८ मे १७२४ रोजी धारजवळ नालछा येथे त्याने बाजीराव पेशव्यांची भेट घेतली. चिखलठाणा आणि बदकशा येथील भेटींनंतरची ही तिसरी भेट. मराठ्यांशी वैर ठेवून मुबारिजशी लढता येणार नाही, हे त्याने जाणले होते. औरंगाबादेला पोहोचून त्याने तोफखाना सज्ज केला आणि मुबारिज खानाला पत्रांमागून पत्रे पाठवली : मुसलमानांचे रक्त सांडू नये, समेट करावा. ही पत्रे जितकी मुबारिजसाठी होती तितकीच जगासाठी होती. उद्या कोणी विचारले, तर आपण लढाई टाळू पाहिली हे दाखवायला कागद हवा होता. कागदाचा खरा उपयोग निजामाला कळत होता.

१८/२५
पावसाळा सरताना मुबारिज खानाची फौज हैदराबादेहून वायव्येला सरकत वऱ्हाडात आली. त्याच्याबरोबर मुलगे होते, कर्नाटकाकडचे पठाण सरदार होते, अकरा वर्षे त्याच्या हाताखाली लढलेले शिपाई होते. निजामाला बगल देऊन औरंगाबाद गाठायचे असा त्याचा बेत होता. राजधानी हाती आली असती, तर फर्मानाला अर्थ आला असता. निजामाने त्याला वाटेतच साखरखेर्ड्याजवळ गाठले. ११ ऑक्टोबरला प्रथम तोफा बोलल्या. निजामाचा तोफखाना सरस होता. मुबारिजच्या सरदारांनी हत्ती आणि घोडे थेट तोफांच्या तोंडावर घातले. ही त्याची जुनी पद्धत. अंकलेश्वरला ती चालली होती.

१९/२५
साखरखेर्ड्याला ती चालली नाही. आघाडीचे सरदार एकामागून एक पडले. दोन मुलगे मारले गेले, आणखी दोन जखमी होऊन पकडले गेले. मुबारिज खानाच्या हत्तीचा माहूत पडला. बखरकारांनी सांगितलेले पुढचे दृश्य विसरण्यासारखे नाही : रक्ताने भिजलेला अंगरखा कफनासारखा अंगाभोवती घेऊन त्याने स्वतःच हत्ती पुढे घातला आणि जखमांनी कोसळेपर्यंत तो मागे फिरला नाही. ‘मुबारिज’ हे नाव कोणा मुनशीने फर्मानावर लिहिले तेव्हा त्यात शोभेपलीकडे फारसे काही नसेल. त्या दुपारी त्या शब्दाचा अर्थ त्याने स्वतः लिहिला.

२०/२५
मराठ्यांचा वाटा काय? प्रत्यक्ष लढाईत मराठी घोडदळाने किती काम केले, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण कल कोणीकडे होता याबद्दल शंका नाही. चौथाई रोखणारा मुबारिज पडणे मराठ्यांच्या हिताचे होते. विजयानंतर निजामाने बाजीरावाला सात हजारी मनसबीचा मान आणि नजराणे दिल्याचे सरदेसाई प्रभृती सांगतात. समाजमाध्यमांवर कधी ‘साखरखेडा बाजीरावाने जिंकला’ असे लिहिले जाते, तर कधी ‘बाजीराव निजामाचा चाकर होता’ असे. दोन्ही विधाने बालिश आहेत. १७२४ मध्ये मैत्री आणि वैर हे तात्पुरते हिशेब होते आणि चोविसाव्या वर्षीच ते हिशेब बाजीरावाला उत्तम जमत होते.

२१/२५
निजामाने मुबारिज खानाचे शीर दिल्लीला पाठवले. सोबत अभिनंदन : हुजुरांच्या प्रतापाने एका बंडखोराचा नाश झाला. ज्या बादशहाने फर्मान दिले, त्यालाच त्या फर्मानाच्या धन्याचे शीर नजर झाले. मुहम्मदशहाने ते गिळले. १७२५ मध्ये त्याने निजामाची दख्खनची सुभेदारी मान्य केली आणि वर ‘आसफजाह’ हा किताब दिला. तिकडे मुबारिजचा मुलगा ख्वाजा अहमद खान गोवळकोंडा किल्ला अडवून बसला होता. निजामाने त्याला वाटाघाटीने वळवले. किल्ल्याच्या किल्ल्या घेतल्या आणि त्याला मनसब दिली. किताब कोणता दिला? वडिलांचा जुना किताब : शहामत खान.

२२/२५
या शेवटच्या गोष्टीत सारा अर्थ आहे. बादशहाने दिलेला किताब बादशहाच्या कामी मेलेल्याच्या घरातून उचलून त्याला मारणाऱ्यानेच त्याच्या मुलाला परत दिला, आणि दिल्लीने त्यावर काही म्हटले नाही. हिंदुस्थानभरच्या सुभेदारांनी हे पाहिले. बंगालमध्ये मुर्शिद कुली खान, अवधमध्ये सआदत खान आपापले सुभे घट्ट करत होतेच. फर्मान पाळणारा मेला आणि फर्मान मोडणाऱ्याला बढती मिळाली, हा धडा समजायला कोणी मुनशी लागत नव्हता. त्यानंतर बादशहासाठी जिवावर उदार होण्यास कोणी सहजासहजी पुढे आला नाही, तर दोष कोणाचा?

२३/२५
तरीही मुबारिज खानाला निष्कलंक हुतात्मा करू नये. हैदराबाद त्याने आपल्या घरासारखे चालवले. दिल्लीच्या सनदा सोयीप्रमाणे पाळल्या. निजाम जे सहा सुभ्यांत करू पाहत होता, तेच तो एका सुभ्यात करून बसला होता. विरोधाभास असा, की त्याच्या मृत्यूनंतर निजामाने त्याचेच धोरण उचलले. हैदराबाद सुभ्यातून मराठी कमाविसदार काढावेत आणि चौथाईच्या बदल्यात रोख रक्कम घ्यावी, असा प्रस्ताव त्याने शाहूंकडे केला. पुढे त्याने कोल्हापूरकर संभाजींचा पक्ष घेऊन चौथाई अडवली. त्यातूनच फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेड घडले आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. पालखेडची वाट साखरखेर्ड्यावरून जाते.

२४/२५
त्याच्याविषयी आपल्याला कळते ते कोणाकडून, हेही पाहावे. त्या काळाचा मोठा इतिहासकार खाफी खान निजामाच्या पदरी होता. त्याच्या नावामागे ‘निजाम-उल्-मुल्की’ लागते. मोगल उमरावांची चरित्रे देणारा ‘मआसिर-उल्-उमरा’ हा ग्रंथ लिहिणारा शाहनवाज खान हाही आसफजाही दौलतीचा मुत्सद्दी. १७५८ मध्ये औरंगाबादेत त्याचा खून झाला आणि विखुरलेले हस्तलिखित गुलाम अली आझाद बिलग्रामी यांनी जमवून सिद्ध केले. म्हणजे पराभूताचे चरित्र जेत्याच्या दौलतीत लिहिले गेले. तरी त्यात मुबारिज खानाच्या बंदोबस्ताविषयी आणि शौर्याविषयी आदर उरला आहे. विरोधकाच्या दफ्तरातही टिकलेला आदर सहसा खरा असतो.

२५/२५
विजयानंतर निजामाने या गावाचे नाव बदलले : फतेहखेर्डा, विजयाचे गाव. ते नाव कागदोपत्री बराच काळ चालले. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभारात गेले, तरी निजामाचा नाममात्र हक्क त्यावर विसाव्या शतकापर्यंत राहिला. आज गावाच्या पाटीवर साखरखेर्डा हेच नाव आहे. वरून दिलेले नाव लोकांनी जिभेवर घेतलेच नाही. मुबारिज खानाला वरून पाच नावे मिळाली. त्यांपैकी जे त्याने स्वतःच्या देहाने खरे केले, तेवढेच इतिहासात टिकले. सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी जाणारे आणि लोणारचे सरोवर पाहायला निघणारे अनेक तरुण या भागातून जातात. त्यांनी एकदा वाट वाकडी करून साखरखेर्ड्याच्या शिवारात उभे राहावे. तेथे मराठे आणि मोगल यांची लढाई झाली नव्हती, हिंदू आणि मुसलमान यांचीही नव्हती. आपल्या चाकरांना कागद देऊन रणात पाठवणारे आणि मग जिंकणाऱ्याला मिठी मारणारे एक राज्य तेथे उघडे पडले. ते पाहण्यासाठी हरलेल्या बाजूने उभे राहावे लागते.